नवा पेडल, पण आवाज गायब

प्रश्न : बास गिटारसाठी ऑनलाइन ओव्हरड्राइव्ह पेडल (सूर मुद्दाम खरखरीत करणारा, पायाने दाबायचा डबा) मागवला. दाबला की गुणगुण येते, मधूनच आवाज जातो. बंद असताना सगळं ठीक. परत पाठवू की दुरुस्त करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : स्क्रू उघडू नका, वॉरंटी हातची जाईल. आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. घरातल्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर सहसा १२ व्होल्टचा, मधला भाग धन. पिन बसते म्हणून तो लावायचा नाही, पेडल जळू शकतो. पेडलमध्ये बॅटरीची सोय असेल तर नवी ९ व्होल्टची घालून वाजवा. गुणगुण थांबली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा.

मग पेडलमध्ये येणारी आणि पेडलमधून जाणारी, अशा दोन्ही केबल बदला. इनपुटमधली केबलची पिन हलक्या हाताने फिरवा. खरखर होऊन आवाज ये-जा करत असेल तर जॅकचं (पिन बसते त्या खाचेचं) सोल्डर, म्हणजे डाख, सुटलेलं असणार. तो कारखान्याचा दोष, दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदलूनच घ्या. (नुसता खर्ज पातळ होत असेल तर मात्र तो बिघाड नव्हे, गिटारसाठी बनवलेले ओव्हरड्राइव्ह खालचे सूर कापतातच.)

दोष दिसेल असा व्हिडिओ काढा, बिल आणि खोका जपा, परतीची मुदत संपण्याआधी लेखी कळवा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठल्याही गावचा असो, तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते.