वाचकांचे प्रश्न: क्रूझचा एक दिवस, सँटोरिनी आणि कॅमेरा

प्रश्न: आमची क्रूझ जूनमध्ये ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर सकाळी आठला पोचते आणि संध्याकाळी पाचला निघते. फोटोंसाठी दिवस कसा आखावा? जहाजाची फोटोग्राफी टूर घ्यावी की स्वतः फिरावं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: जूनमध्ये तिथं सूर्य साडेआठनंतर मावळतो, तेव्हा इया या गावचा प्रसिद्ध सूर्यास्त यादीतून काढून टाका. त्यानं फार बिघडत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावरचा उजेड कोकणात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको: सकाळी कडा सावलीत आणि समोरचा समुद्र उजळलेला, दुपारनंतर कड्यावर थेट ऊन. मुख्य गाव ‘फिरा’, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली ही गावं अशाच कड्याच्या माथ्यावर वसली आहेत. खाली दिसतं ते ज्वालामुखीचं खचलेलं, समुद्रानं भरलेलं विवर. त्याचा शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा.

म्हणून सकाळी माथ्यावरून समुद्राकडे बघणारे फोटो घ्या. फिरोस्तेफानीचा तीन घंटांचा निळा घुमट सकाळीच चांगला येतो, कारण ऊन तुमच्या पाठीशी असतं. दुपारी तोच घुमट उजेडाविरुद्ध काळवंडतो. कड्याचा पूर्ण फोटो मात्र सकाळी येताना नको; परतीच्या लाँचमधून (जहाज आणि किनारा यांच्यात ने-आण करणारी छोटी बोट) किंवा जहाज सुटल्यावर डेकवरून घ्या. शटर १/१००० सेकंद ठेवा. लाँच हलते, त्यामुळे शटर यापेक्षा संथ असेल तर माथ्यावरची घरं पुसट येतात.

दिवस बिघडतो तो केबल कारच्या रांगेत. जहाज विवरात थांबतं, लाँच जुन्या बंदरावर सोडते आणि तिथून फिरा गाठायला केबल कार, खेचरं किंवा सुमारे ५८८ पायऱ्या. केबल कार काही मिनिटांत वर नेते. रांग मात्र, एकाच वेळी तीन-चार जहाजं असतील तर, तासभराचीही होते. दुपारी दीड ते चार उतरणाऱ्यांची गर्दी सर्वांत जास्त. शेवटच्या लाँचच्या दीड तास आधी फिरामध्ये परत या. पायऱ्या उतरणं शक्य आहे, पण गुळगुळीत दगड आणि खेचरांची लीद, तेव्हा चपला नकोत. कॅमेरा गळ्यात घेऊन खेचरावर बसू नका, आणि त्या जनावरांवर उन्हात दया केलेली बरी.

स्वतः फिरणार असाल तर पहिल्या लाँचनं उतरा आणि ‘फिरा’ ते इमेरोविग्ली हा सुमारे तीन किलोमीटरचा माथ्यावरचा रस्ता धरा. इया अकरा किलोमीटरवर आहे. बसला अर्धा तास लागतो, शिवाय बसचीही रांग. एका दिवसात दोन्ही भाग ओढाताणीनं करण्यापेक्षा एकच निवडावा, असं आमचं मत.

टूर घेताना तीन गोष्टी विचारा: गटात माणसं किती, इयाला किती वाजता पोचणार, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ. चाळीस माणसांच्या बसमधून फोटोग्राफी होत नाही, तिला सहल म्हणावं. जहाजाच्या टूरचा मोठा फायदा असा की बस अनेकदा अथिनिओस या दुसऱ्या बंदरातून थेट वर जाते, सकाळची केबल कार टळते. शिवाय जहाजाचीच टूर उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. बाहेरून घेतलेल्या टूरसाठी ते थांबत नाही.

प्रश्न: पांढऱ्या भिंती फोटोत राखाडी तरी येतात, नाहीतर नुसता चुना फासल्यासारख्या. काय करावं? (एक वाचक, मालवण)

उत्तर: कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. चौकट पांढऱ्या भिंतींनी भरली की तो उजेड कमी करतो आणि भिंत मळकट होते; तिथं +०.७ ते +१ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ करण्याची सोय) द्या. उलट चौकटीत अर्धा गडद समुद्र असेल तर मीटर उजेड वाढवतो आणि भिंतीचा पोत जळून जातो. म्हणून आकड्यावर विसंबू नका: स्क्रीनवर जास्त उजळलेला भाग लुकलुकण्याची सोय चालू ठेवा, भिंत लुकलुकली की एक्स्पोजर उतरवा. कडक उन्हात मॅन्युअलवर आयएसओ १००, एफ/८, १/५०० पासून सुरुवात करा. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) ठेवा. सावलीतली निळसर झाक तिथं सहज निघते.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक चालतो. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून पश्चिमेला बघताना तो आकाशाला जवळपास काही करत नाही, उलट एक-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर आकाशाचा मधला पट्टाच गडद होतो. सराव घरीच करता येतो: अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचं पांढरं देऊळ सकाळी नऊला आणि बाराला, दोन्ही वेळा टिपून पाहा.

प्रश्न: ड्रोन न्यावा का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: नको. अनेक क्रूझ कंपन्या तो चढतानाच ताब्यात घेतात. युरोपीय संघात कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला नोंदणी लागते आणि जमावावरून उडवायला मनाई आहे. सँटोरिनीच्या गल्ल्यांत जमाव नसलेली जागा दिवसा सापडणं कठीण.

प्रश्न: केबिनमधून डेकवर आलं की लेन्सवर वाफ धरते. समुद्राच्या पाण्याचे डागही पडतात. (एक वाचक, गुहागर)

उत्तर: एसीनं गार झालेल्या काचेवर दमट हवेतली वाफ जमते. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद बॅगेतच बाल्कनीत किंवा डेकवर सावलीत ठेवा. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, लेन्सही काढू नका, ती आपोआप जाऊ द्या. खारे शिंतोडे कोरड्या कापडानं घासले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, मग गोड्या पाण्यानं ओलसर केलेलं मऊ कापड, शेवटी कोरडं. लाँचमध्ये कॅमेरा झिपच्या पिशवीत असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा ज्वालामुखीची बारीक धूळ उडवतो, त्यामुळे माथ्यावर लेन्स बदलणं टाळा. १८-१३५ किंवा २४-१०५ सारखी एकच लेन्स लावून फिरा. चार्जिंगसाठी सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, जहाजावर तो काढून घेतात. दोन भरलेल्या बॅटऱ्या दिवसाला पुरतात.