सही कोणाची, निर्णय कोणाचा?

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीत उत्पादन-नियोजनाचे काम पाहते. आमच्याकडे मॅट्रिक्स रचना, म्हणजे एकाच कर्मचाऱ्याने दोन वरिष्ठांना उत्तर देण्याची पद्धत, आल्यापासून मला दोन वरिष्ठ आहेत. एक कारखान्याचे प्रमुख आणि दुसरे मुख्यालयातील नियोजन विभागाचे प्रमुख. दोघांच्या सूचना अनेकदा एकमेकींच्या विरोधात जातात. एकाचे ऐकले की दुसरे नाराज होतात. दोष रचनेचा आहे की माणसांचा, आणि मी काय करावे?

उत्तर : आपली तक्रार जुनी आणि रास्त आहे. फ्रान्समधील एका खाण-कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची जी तत्त्वे मांडली, त्यांत ‘आदेशातील एकवाक्यता’ हे एक होते. एका कर्मचाऱ्याला आज्ञा देणारा वरिष्ठ एकच असावा, असा त्याचा अर्थ. हे तत्त्व ठाऊक असूनही मोठ्या कंपन्या मॅट्रिक्सकडे वळल्या, कारण त्यांना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या. प्रत्येक ठिकाणच्या गरजा त्या ठिकाणीच ओळखल्या जाव्यात आणि तरीही एकच उत्पादन सगळीकडे एकाच धोरणाने चालावे, ही ती अपेक्षा.

स्वीडनची आसिया आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोवेरी या कंपन्या १९८८ मध्ये एकत्र येऊन एबीबी ही विद्युत-यंत्रसामग्रीची कंपनी झाली, तेव्हा तिच्या स्थानिक कंपन्यांचे प्रमुख असेच दोघांना उत्तरदायी होते. एक त्या देशाचा प्रमुख आणि दुसरा त्या व्यवसायक्षेत्राचा. बरीच वर्षे या रचनेचे कौतुक झाले, व्यवस्थापनाच्या वर्गांत ती शिकवली गेली आणि १९९८ मध्ये कंपनीनेच ती मोडून व्यवसायक्षेत्रांकडे वजन झुकवले. म्हणजे ज्यांनी ती सर्वांत गाजवली, त्यांनाही ती दहा वर्षांपलीकडे पेलली नाही. तरीही मी आपल्या रचनेला सरसकट दोष देणार नाही. मॅट्रिक्स आणताना कोण कोणाच्या हाताखाली हे दाखवणारा तक्ता काढला जातो, नवी पदनामे छापली जातात, पण मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हे लिहून ठेवण्याचे काम मागे पडते आणि तक्त्यात दुसऱ्या वरिष्ठाकडे जाणारी एक तुटक रेघ काढून सगळे मोकळे होतात. त्या तुटक रेघेइतका गैरसमज पसरवणारा कागदावरचा दुसरा आकार मला तरी माहीत नाही. मुख्यालय तिला आज्ञेची रेघ समजते, कारखाना तिला सल्ल्याची समजतो आणि मध्ये आपण असता.

आपल्यासाठी माझी सूचना अगदी साधी आहे. गेल्या सहा महिन्यांत दोन वरिष्ठांत ज्या ज्या बाबतीत विसंगती झाली, त्या एका कागदावर तारखेसह लिहून काढा. ‘समन्वयाचा अभाव’ असे मोघम लिहू नका. ‘यंत्र दुरुस्तीसाठी चार दिवस बंद ठेवायचे होते, मुख्यालयाने त्याच आठवड्यात तातडीची मागणी घुसवली’ इतके नेमके लिहा. यादी पुरी झाली की बहुधा लक्षात येईल की भांडणे वीस असली तरी त्यांचे प्रकार तीन-चारच आहेत : यंत्र कधी थांबवायचे, कोणती मागणी आधी घ्यायची, जादा वेळाच्या कामाला मंजुरी कोणी द्यायची. मग दोघांनाही एकच ईमेल पाठवा, प्रत्येक प्रकारापुढे रिकामी जागा ठेवा आणि अंतिम निर्णय कोणाचा, एवढेच नाव मागा. दोघांनाही एकत्र पाठवणे महत्त्वाचे आहे. वेगवेगळे विचारलेत तर आपण निरोप्या व्हाल आणि निरोप्यावर दोन्हीकडून राग निघतो. यंत्र थांबवण्याचा निर्णय कारखान्याचा आणि मागण्यांचा क्रम मुख्यालयाचा, अशी वाटणी झाली तर नाराजी संपणार नाही, परंतु ती योग्य माणसावर निघेल. नाव ठरत नसेल, तर दोघांच्याही वर जो अधिकारी आहे, त्याच्याकडे हा प्रश्न जाणे हे आपले अपयश नाही, कारण मॅट्रिक्समध्ये त्याचे कामच ते असते. आणखी एक चौकशी आजच करून ठेवा : वार्षिक मूल्यमापनात कोणाचे मत ग्राह्य धरले जाते? तक्त्यात काहीही असो, पगारवाढीच्या कागदावर ज्याची सही चालते, त्याच्याकडे माणसे शेवटी वळतात.

प्रश्न : आमची स्वयंसेवी संस्था बरीच मोठी आहे. शाखा अनेक आहेत आणि पूर्णवेळ कर्मचारी काही शेकडा आहेत. संस्थापकांनी निवृत्त होऊन ‘मार्गदर्शक’ हे पद घेतले आणि विश्वस्त मंडळाने बाहेरून मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले. कर्मचारी अजूनही संस्थापकांनाच फोन करतात. नवे अधिकारी आता राजीनाम्याच्या गोष्टी बोलत आहेत. संस्थापकांना दुखावण्याची मंडळाची इच्छा नाही. मी विश्वस्त या नात्याने विचारतो, मार्ग काय?

उत्तर : अशाच एका संस्थेच्या बैठकीला मी निमंत्रित म्हणून बसलो होतो. संस्थापक टेबलाशी नव्हतेच. भिंतीलगतच्या खुर्चीवर, हातात चहाचा कप घेऊन, ‘मी फक्त ऐकायला आलो आहे’ असे म्हणत ते बसले होते. नव्या संचालकांनी दोन शाखा एकत्र करण्याचा प्रस्ताव मांडला आणि मत विचारले, तेव्हा सहाही विभागप्रमुखांच्या माना आधी त्या खुर्चीकडे वळल्या. संस्थापक काहीही बोलले नाहीत, त्यांनी फक्त कप खाली ठेवला. प्रस्ताव ‘अधिक अभ्यासासाठी’ पुढे ढकलला गेला. इतिवृत्तात संस्थापकांचे नावही नव्हते. नकाराधिकार त्यांनी वापरला होता, पण त्याचा जाब विचारण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

आपल्याकडचा पेच मला असाच वाटतो आणि त्याची जबाबदारी संस्थापकांपेक्षा मंडळाची अधिक आहे, असे स्पष्ट लिहितो. कंपनीत गोष्टी बिघडल्या तर भागधारक जाब विचारतात, शेअरचा भाव पडतो. ना-नफा संस्थेला मालक नसतो, नफ्याचा आकडा नसतो, आणि ज्यांच्यासाठी काम चालते त्या लाभार्थींना मत नसते. त्यामुळे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला नेमणे, त्याला पाठबळ देणे आणि गरज पडल्यास त्याला दूर करणे हे मंडळावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. कंपन्यांच्या कारभारावरील ब्रिटनच्या कॅडबरी समितीने १९९२ मध्ये शिफारस केली होती की सर्वोच्च पातळीवर जबाबदाऱ्यांची स्पष्ट विभागणी असावी, जेणेकरून कोणा एका व्यक्तीच्या हाती निर्णयाचा अनिर्बंध अधिकार राहणार नाही. ती कंपन्यांसाठी होती, पण मला ती आपल्यासारख्या संस्थांना अधिक लागू वाटते.

‘मार्गदर्शक’ हे पद सन्मानाचे आहे, पण त्याचे काम आपण कोठे लिहिले आहे काय? लिहिले नसेल, तर ते काम काहीही असू शकते. मंडळाने ठराव करून मुदत घालावी, उदाहरणार्थ एक वर्ष, आणि कामेही नेमावीत. जुन्या देणगीदारांशी नव्या अधिकाऱ्यांची एकेक करून गाठ घालून देणे, संस्थेचा इतिहास नोंदवणे, नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात बोलणे, ही कामे त्यांच्याखेरीज कोणालाही तितकी चांगली जमणार नाहीत. नेमणुका, बदल्या आणि खर्चाची मंजुरी यांत मात्र त्यांचा शब्द नसावा, आणि हे त्यांना पत्राने न कळवता अध्यक्षांनी समोर बसून सांगावे. कर्मचाऱ्याचा फोन आला तर ‘हे नव्या अधिकाऱ्यांना विचारा’ एवढे एकच वाक्य संस्थापकांनी म्हणावे, अशी विनंती करावी. ते वाक्य दहा वेळा ऐकू आले की फोन आपोआप थांबतात. हेही करून पाहिले आणि उपयोग झाला नाही, तर मंडळाला निवड करावी लागेल. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलची सुरुवात १९६१ मध्ये पीटर बेनेन्सन यांच्या पुढाकाराने झाली, आणि अवघ्या सहा वर्षांत तीव्र मतभेदांनंतर ते नेतृत्वातून बाहेर पडले. संस्था टिकली, वाढली, १९७७ मध्ये तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. दुरावा क्लेशकारक असतो हे खरे, पण त्याच्या भीतीने चांगला अधिकारी गमावलात, तर पुढच्या जाहिरातीला अर्ज कोण करील याचाही विचार करावा.

प्रश्न : एका वरिष्ठाच्या हाताखाली किती माणसे असावीत? आमच्याकडे कोणाच्या चार, तर कोणाच्या वीस आहेत.

उत्तर : ठराविक आकडा नाही. व्यवस्थापन सल्लागार ग्रेक्युनस यांनी १९३३ मध्ये गणिताने दाखवले की चार हाताखालची माणसे असतील तर वरिष्ठाला सांभाळावे लागणारे संबंध ४४ होतात, पाच असतील तर १०० आणि सहा असतील तर २२२. कारण प्रत्येकाशी असलेल्या नात्याबरोबर त्यांच्या आपसातील नात्यांचीही भर पडते. प्रत्यक्षात हे सगळे संबंध रोज जागे नसतात, म्हणून आकड्याने घाबरू नये. काम एकसारखे आणि माणसे अनुभवी असतील तर वीसही चालतात. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या ब्यूर्टझोर्ग या घरोघरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेत तर जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट व्यवस्थापकाशिवाय चालतो. त्यांना प्रशिक्षक मिळतो, पण आज्ञा देण्याचा अधिकार त्याला नसतो. आपल्याकडे ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांचा दिवस कसा जातो ते एकदा पाहावे. त्या चौघांचीच कामे तपासण्यात जात असेल, तर तो स्तर काढून टाकण्याचा विचार करता येईल. वीस माणसांच्या वरिष्ठाकडे मात्र आधी हे विचारावे की त्यांतल्या किती जणांशी महिनाभरात पंधरा मिनिटे तरी निवांत बोलणे झाले.