सर्वात प्रभावी मॉडेल रेल्वे लेआउट कोणते, आणि त्यांत कोणता काळ दाखवलाय?

पहिलं नाव बहुतेक जण जॉन ॲलन यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’चं घेतात. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथल्या या लेआउटवर (म्हणजे रूळ, गाड्या आणि परिसराच्या छोट्या प्रतिकृतीवर) जमिनीपासून छतापर्यंत डोंगर होते. इंजिनं-डबे कोरे करकरीत न ठेवता त्यांवर गंज, काजळी आणि धूळ चढवायची गोडी अनेकांना ॲलन यांच्यामुळेच लागली. १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच लेआउट आगीत गेला. पण काळाचं म्हणाल, तर वाफेच्या इंजिनांचा जमाना, एवढंच. शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, जिथे छोटा नकली डायनासोर होता (खरंच होता!), तिथे साल कुठे विचारता?

तुम्ही काळाबद्दल विचारलंय, म्हणून माझा कौल जॅक बर्जेस यांच्या योसेमिटी व्हॅली रेल्वेला. मूळ रेल्वे कॅलिफोर्नियात मर्सेड ते एल पोर्टल धावायची, १९४५ मध्ये बंद पडली. बर्जेस यांनी नुसतं साल नाही, महिनाच पक्का केला: ऑगस्ट १९३९. महिना ठरला की हात किती बांधले जातात बघा. अमेरिकेत १९४० च्या मोटारी १९३९ च्या शरद ऋतूत बाजारात आल्या, म्हणजे स्टेशनाबाहेर तसली एकही गाडी उभी करायची सोय नाही. ऑगस्टात तिथल्या टेकड्यांवरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, म्हणजे हिरवळही बाद. असं एकेक वगळत गेलं की जे उरतं ते खरं वाटतं. १९५० च्या आसपासचा काळ अमेरिकेतल्या लेआउटवाल्यांत इतका लोकप्रिय आहे, त्यात मला निम्मी सोयच दिसते. वाफ आणि डिझेल, दोन्ही इंजिनं चालवायला मिळतात!

ब्रिटनमध्ये रेव्हरंड पीटर डेनी यांचं ‘बकिंगहॅम’ १९०७ सालावर बेतलेलं आहे. ऑक्सफर्डशायरमधलं पेंडन संग्रहालय मात्र वेगळ्याच जातीचं. रॉय इंग्लंड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाला दिसलं की तिथली जुनी खेडी झपाट्याने बदलताहेत. मग १९२०-३० च्या दशकांतला तो मुलूख १:७६ प्रमाणात उतरवायचं काम सुरू झालं. खऱ्या घरांची मापं घेऊन केलेली पुठ्ठ्याची घरं तळहातावर मावतील एवढी, आणि त्यांच्या बागांत फुलंसुद्धा. तिथे आगगाडी मला दुय्यम वाटते, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्ज सेलिओस यांचं ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ म्हणजे १९३० च्या दशकातली महामंदी. कारागिरी अफाट! पण प्रत्येक भिंतीचा रंग उडालेला आणि प्रत्येक गल्लीत भंगार पडलेलं. मंदीतही एखाद्याने दुकान रंगवलं असेलच की.