टक्के नका बघू, आकडा काढा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही भंडारा जिल्ह्यातले. बाबांना दोन महिने झाले खोकला आहे, दिवसा ठीक असतात पण रात्री दोन-तीनला उठून बसतात आणि छातीत घरघर. कफ सिरप झाली, दम्याचा पंप झाला, काही फरक नाही. आता रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १४,२०० आणि इओसिनोफिल ३८ टक्के! शेजारचे काका म्हणतात पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ब्लड कॅन्सरच. घरात कुणाला झोप नाही.

उत्तर : ताई, काकांना म्हणावं जरा दमाने घ्या. पांढऱ्या पेशी साध्या इन्फेक्शनने वाढतात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढतात, गरोदरपणातही वाढतात. ब्लड कॅन्सरची शंका येते तेव्हा पॅथॉलॉजिस्टला काचेवर रक्त पसरून (यालाच स्मिअर म्हणतात) बघताना बहुतेक वेळा ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी दिसतात, रिपोर्टच्या खाली स्मिअरची ओळ असते तिथे तो शब्द आहे का बघा.

आता हिशोब करू. इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. १४,२०० चे ३८ टक्के म्हणजे जवळपास ५,४००. नॉर्मल माणसात हा आकडा ५०० च्या आत असतो. आपल्याकडे लोक नुसते टक्के बघून घाबरतात, एकूण काउंट ५,००० असेल तर ८ टक्के इओसिनोफिल म्हणजे ४०० च झाले की, त्यात काय एवढं. पण तुमच्या बाबांचा आकडा खरंच मोठा आहे. साध्या ॲलर्जीत किंवा दम्यात इतका सहसा जात नाही.

रात्रीचा खोकला, घरघर, आकडा ३,००० च्या वर आणि राहायला भंडारा, हे सगळं एकत्र आलं की मला आधी फायलेरिया आठवतो. हत्तीरोगाचाच जंतू, डासातून येणारा, पण इथे पाय सुजत नाही, जंतूंची पिल्लं फुप्फुसात अडकतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, त्यातून खोकला. गंमत म्हणजे रात्री रक्त घेऊन तपासलं तरी जंतू बहुधा सापडत नाही, म्हणून 'निगेटिव्ह आलं, मग फायलेरिया नाही' असं म्हणून सोडू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा, ते रक्तात आयजीई (ॲलर्जीत आणि जंतांमुळे वाढणारं प्रथिन) आणि फायलेरियाची अँटिबॉडी तपासतील. निघालं तर डीईसी या फायलेरियावरच्या औषधाच्या गोळ्या साधारण तीन आठवडे रोज घ्याव्या लागतात, डोस वजनावरून. तुमच्याकडे सरकारी मोहिमेत घरोघरी गोळ्या देतात त्या एकदाच घ्यायच्या असतात, त्याने हा आजार बरा होत नाही, आणि 'दरवर्षी घेतो की' म्हणून ही शक्यता बादही करू नका.

एक मात्र सांगते, कुणी नुसतं स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी संडास तपासून घ्या. स्टेरॉइडने इओसिनोफिल पटकन उतरतात, सगळ्यांना वाटतं बरं झालं, पण पोटात स्ट्राँगिलॉइड्स नावाची अळी असेल तर ती स्टेरॉइडने अंगभर पसरते आणि जिवावर बेततं. आणि उपचार नीट होऊनही काउंट उतरला नाही तर मग रक्ताच्या डॉक्टरांना दाखवायचं.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची, खेळते खाते, पण रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ५८ टक्के, पुढे लाल अक्षरात 'हाय'.

उत्तर : लॅबने मोठ्यांची रेंज छापलीय, बाकी काही नाही. लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार, चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत लिम्फोसाइटच जास्त असतात, मग न्यूट्रोफिल पुढे जातात. खेळू द्या तिला.

प्रश्न : वहिनीला थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल चालू आहे. कालपासून घसा खूप दुखतोय, ताप १०२. घरात असलेली अँटिबायोटिक देऊ का?

उत्तर : नाही! हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून यांना आम्ही फोन केला, पण बाकीच्यांसाठी इथे लिहितेय. या गोळीने क्वचित कुणाकुणाचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ संपतात, आणि पहिली खूण हीच, घसा आणि ताप, कधी तोंडात फोड. बहुतेकदा सुरुवातीच्या तीन महिन्यांत होतं पण नंतरही होऊ शकतं. गोळी तिथेच थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची आणि न्यूट्रोफिलचा आकडा ५०० च्या खाली असेल तर थेट ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक लागतात. रात्र असेल तर कॅज्युअल्टीला जा आणि तिथे पहिलं वाक्य हेच बोला की पेशंटला कार्बिमाझोल चालू आहे.