ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं इटलीतलं प्राचीन रोमन शहर पॉम्पेई, त्याचं उत्खनन कोणी सुरू केलं? तो स्पॅनिश इंजिनिअर कोण होता?

त्याचं नाव रोके होआकिन दे अल्कुबिएरे. जन्म 1702 मध्ये, स्पेनमधल्या सारागोसाचा. मूळचा लष्करी इंजिनिअर. नेपल्सच्या राजाचा पोर्तिचीचा महाल बांधायचा होता, त्या जागेची मोजणी करताना त्याला कळलं की जवळच्या विहिरीतून जुने पुतळे निघालेत. 1738 मध्ये राजाच्या परवानगीने खोदकाम सुरू झालं आणि हर्क्युलेनियम हे तसंच गाडलं गेलेलं दुसरं शहर हाती लागलं. वर वस्ती, खाली दगडासारखा घट्ट झालेला ज्वालामुखीचा थर. मग खाणीसारखे बोगदे पाडायचे, मशालीच्या धुरात, दमट हवेत. त्यात त्याची तब्येत इतकी ढासळली की काही वर्षं काम सोडावं लागलं. परतल्यावर 1748 मध्ये पॉम्पेईला हात घातला, तेही ते स्टॅबिए हे दुसरंच गाडलं गेलेलं गाव आहे असं समजून! खरं नाव 1763 मध्ये एका शिलालेखामुळे पक्कं झालं.

विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर सडकून टीका केली. त्याचा आरोप असा की एका शिलालेखाची कांस्याची अक्षरं आधी उतरवून न घेताच काढली आणि टोपलीत भरून राजाकडे पाठवली. नुकसान झालं, हे मान्यच. पण तेव्हा उत्खननाचं शास्त्रच नव्हतं आणि राजाला हवे होते पुतळे. माझ्या मते त्याला नुसता लुटारू म्हणणं अन्यायाचं आहे. 1780 मध्ये तो नेपल्समध्येच वारला.