मुखपृष्ठावर मराठीत ‘बोडोनी’सारखा फॉन्ट कुठला लावावा?

तुमचा प्रश्न असा: कॉलेजच्या दिवाळी अंकाच्या नावासाठी इंग्रजी फॅशन मासिकांसारखा, जाड रेघ एकदम जाड आणि बारीक रेघ केसासारखी, म्हणजे ‘बोडोनी’ या इंग्रजी फॉन्टसारखा, फॉन्ट मराठीत आहे का?

आहे. ‘रोझा वन’, इंडियन टाइप फाउंड्रीचा, गुगल फॉन्ट्सवर फुकट. पण कोल्हापुरात डीटीपी करताना मी त्यावर एकदा तोंड पोळून घेतलंय, म्हणून थोडं ऐका.

इंग्रजीतलं ते वळण इटलीतल्या पार्म्याच्या बोडोनी या मुद्रकानं आणि पॅरिसच्या दिदो या मुद्रक घराण्यानं अठराव्या शतकाच्या शेवटी टोकाला नेलं. त्याआधी 1757 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिल या मुद्रकानं छापलेला कागद गरम पत्र्यांत दाबून गुळगुळीत केला होता. मुद्दा कागदाचा आहे. खरबरीत कागदावर केसासारखी रेघ एकतर तुटते, नाहीतर शाई पसरून फुगते.

दुसरं, देवनागरीची जाडी-बारकाई बोरूतून आली आणि आपल्या बोरूचा काप रोमन टाकाच्या उलटा. इंग्रजी ‘ए’ बघा: डावी तंगडी बारीक, उजवी जाड. बोरूनं तीच आकृती काढली तर उलट होईल. शिवाय बोडोनीत आडवी रेघ बारीक असते. आपल्याकडं सगळा शब्द ज्या शिरोरेघेला लटकतो तीच आडवी! त्यामुळं बोडोनीची हुबेहूब नक्कल मागू नका, डोळ्याला खटकते.

माझी चूक सांगतो. एका पतसंस्थेच्या अहवालात मी रोझा 12 पॉइंटात लावला, तोही काळ्या पट्टीवर पांढरा. स्क्रीनवर झकास दिसला. छापून आल्यावर शाईनं बारीक रेघा गिळलेल्या, ‘अध्यक्ष’मधला ‘क्ष’ ओळखू येईना. खर्च माझ्या खिशातनं.

तेव्हा रोझा फक्त अंकाच्या नावाला, 60-70 पॉइंटच्या वर, गुळगुळीत आर्ट पेपरवर आणि एकाच शाईत. चार रंग मिसळून केलात तर प्लेट जरा सरकली की बारीक रेघेला रंगीत सावली येते. आतल्या मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. उभा आणि तिरका दोन्ही मिळतो, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत.

पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालणार नाही, हे फॉन्ट युनिकोडचे आणि त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय लावा, नाहीतर ‘दिवाळी’तली ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या उजवीकडं जाऊन बसते.

अंकाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. त्यात ‘ष्ट’, ‘द्ध’ असलं जोडाक्षर असेल तर आधी तेवढंच मोठं करून, प्रेसवाला जो कागद वापरणार आहे त्याच्यावर, एक प्रूफ काढून घ्या.