बोलोखोव या मध्ययुगीन प्रदेशाबद्दल वाचायला घेतोयस तर
अरे आधी नकाशा शोधत बसू नकोस, पक्की सीमा कुठे सापडणारच नाही, आजच्या युक्रेनमध्ये दक्षिण बुग नदीच्या वरच्या अंगाला एवढं धर आणि थेट इपातिएव्ह बखरीला, म्हणजे जुन्या रूस राज्यांच्या हस्तलिखित इतिहासाला, हात घाल, कारण जे काय आहे ते तिथेच आहे. १२४१ ची नोंद सावकाश वाच. गालिच-व्होलिनच्या प्रिन्स दानिलोने या बोलोखोवच्या लोकांची गावं जाळली, मातीचे बांध उकरून टाकले, देरेविच, गुबिन, कुदिन अशी नावंसुद्धा दिलीयेत, आणि राग कशाचा तर तातारांनी, म्हणजे मंगोलांनी, यांना गहू नि भरडधान्य पिकवून द्यायला सोडलं होतं म्हणून! मला हेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं, त्यात शेतकरी दिसतात. फक्त सालांवर डोळे झाकून विसंबू नको, या भागातली सालं नकलकाराने मागाहून घातलीत, याच बखरीच्या ख्लेबनिकोव्ह नावाच्या दुसऱ्या हस्तलिखित प्रतीत ती नाहीतच, त्यामुळे ती प्रत शेजारी ठेवूनच वाच.